पहिल्या जहाजावर निघालेल्या भावासाठी: इंजिनरूममधली आग आणि रोजचा राउंड

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. जीएमई (मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स) झालं, एफपीएफएफ (आग टाळण्या-विझवण्याचा कोर्स) झालं, पुढच्या महिन्यात पहिलं जहाज. कोर्समध्ये आग विझवायला शिकवलं, पण ती लागूच नये म्हणून जुनिअरनं रोज नेमकं काय बघायचं, हे तू विचारलंस. सेफ्टीच्या ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय विचारतात आणि घाबरलेल्या आईला काय सांगू, हेही. मी चोपड्याकडचा, सध्या सेकंड इंजिनिअर आहे. घरी सुट्टीवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आगीचा त्रिकोण तुला पाठ असेलच. मला आग कळली ती मात्र त्या त्रिकोणाच्या कितीतरी आधी, घरामागच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात. दिवाळीनंतर आवारात कापसाचे डोंगर लागायचे. कापसातून एखादा खडा किंवा खिळा आत गेला की रोलरच्या पात्यावर ठिणगी उडते. ती रुईबरोबर पुढे जाते, प्रेसमध्ये दाबली जाते आणि 170 किलोच्या गाठीत गुपचूप बसते. बाहेरून गाठ पांढरीशुभ्र, आत धुमसणं चालू. वरून कितीही पाणी मारा, दाबलेल्या रुईत ते आतपर्यंत पोचत नाही. गाठ ओढून लांब न्यावी लागते आणि फोडावी लागते. तिथला म्हातारा फोरमन संध्याकाळी गाठींच्या रांगेतून तळहात टेकवत, वास घेत चालायचा. आम्ही पोरं पुढे पळालो की म्हणायचा, "कसाले घाई करस? हात लाई देख." म्हणजे, घाई कशाला, हात लावून बघ. इतक्या वर्षांत आगीबद्दल मला याहून कामाचं कुणी काही सांगितलेलं नाही.

14 एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात, तोही अशाच धुमसत्या कापसामुळे. 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज धक्क्याला लागलं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी खालच्या कापसातून धूर दिसला. पाणी मारणं चालू होतं, पण आग गाठींच्या आत होती. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत मध्ये दोन तास होते, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो.

आता इंजिनरूम. तिथल्या बहुतेक मोठ्या आगींचं मूळ एकच असतं: तेल गळतं आणि तापलेल्या भागावर पडतं. जहाजाच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो आकडा, 60 अंशांपेक्षा कमी चालत नाही, हा नियम तू वाचला असशील आणि वाटलं असेल, बरं आहे, म्हणजे सहज पेटणार नाही. पण हेवी फ्युएल इंजिनला देताना आपण ते 130 अंशांच्या आसपास तापवतो, म्हणजे फ्लॅश पॉइंटच्या दुप्पट. वर प्रेशर. अशा पाइपला केसाएवढी चीर पडली की तेल ठिबकत नाही, त्याचं धुकं होऊन उडतं. शेजारी इंजिनचा धूर नेणारा उघडा एक्झॉस्ट पाइप असला तर वेगळी ठिणगी लागतच नाही. म्हणून सोलासच्या (जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) प्रकरण 2-2 मध्ये लिहिलंय की तेल उडू शकेल अशा ठिकाणचा 220 अंशांवर तापणारा कुठलाही पृष्ठभाग नीट झाकलेला हवा, आणि फ्युएल पंप ते इंजेक्टर हा हाय प्रेशर पाइप दुहेरी, बाहेरच्या आवरणात, गळतीच्या अलार्मसकट हवा. ओरलला हा 220 चा आकडा विचारतात. आकडा सांग, पण मागचं कारणही सांग. परीक्षा घेणाऱ्या सर्व्हेअरला फरक लगेच कळतो.

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. मी फोर्थ इंजिनिअर होतो, पहाटेचा वॉच (पाळी). दोन नंबर जनरेटरजवळून जाताना वास आला. जळका नव्हे, नुसता गरम डिझेलचा, पेट्रोल पंपावर येतो तसा. टॉर्च तिरपी धरली तेव्हा उजेडात बारीक धुकं दिसलं. प्रेशर गेजकडे जाणारा करंगळीपेक्षा बारीक पाइप थरथरून चिरला होता. त्याचा क्लॅम्प मागच्या ओव्हरहॉलला काढलेला, परत बसवलाच नव्हता. आणि त्याच ओव्हरहॉलला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) काढलेलं, घाईत टेकवून तारेनं बांधलेलं. दोन तुकड्यांमध्ये तीन बोटांची फट. धुकं त्या फटीपासून हातभर अंतरावर होतं. दुसरा जनरेटर लोडवर घेतला, हा बंद केला, फ्युएल तोडलं. नंतर मोटरमननं (इंजिनरूमच्या खलाशानं) तिथे थर्मामीटर गन धरली तर 300 च्या वर आकडा. एक क्लॅम्प आणि लॅगिंगची एक फट, एवढ्यावर अख्खी इंजिनरूम गेली असती. त्या दिवसापासून कुठलंही काम संपलं की सुटे क्लॅम्प आणि बोल्ट मोजल्याशिवाय मी सही करत नाही.

तुझ्या राउंडमध्ये म्हणून हे हवं: बारीक पाइप, त्यांचे क्लॅम्प, तेलानं काळं पडलेलं लॅगिंग. लॅगिंगमध्ये तेल मुरलं असेल तर वरून पुसून उपयोग नाही, ते बदलायला सांग. जिथे हात लावणं धोक्याचं तिथे थर्मामीटर गन वापर, पण वाकून बघ, पायऱ्यांवरून नजर टाकून जाऊ नकोस. तेल शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या प्युरिफायर रूममध्ये सेव्ह-ऑलच्या, म्हणजे गळती झेलणाऱ्या, ट्रेत तेल साचलंय का, ड्रेन तुंबलाय का. टँक टॉप (इंजिनरूमचा तळ) आणि बिल्ज (तळाशी पाणी-तेल साचायचे खळगे) कोरडे. तेलकट चिंध्या आणि जूट झाकणाच्या लोखंडी डब्यातच, आणि तो डबा रोज रिकामा. रंगकामाच्या, जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर कोपऱ्यात पडल्या पडल्या आपोआप तापून पेटतात.

लॉन्ड्रीही विसरू नकोस. ड्रायरच्या जाळीत जो मऊ कापूस साचतो ना, तो जिनिंगच्या भिंतींवर बसतो तसाच असतो आणि तसाच पेटतो. प्रत्येक वेळी कपडे काढले की जाळी साफ कर, दुसऱ्याची असली तरी.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते. टाकीतलं तेल मोजायच्या साउंडिंग पाइपच्या तोंडाशी आपोआप बंद होणारा कॉक असतो, वजनानं पडणारा. सारखं धरायचा कंटाळा म्हणून कुणीतरी तो दोरीनं बांधून उघडा ठेवतो. क्विक क्लोजिंग व्हॉल्व्हचंही तेच: एकदा मध्येच पडला, जनरेटर बंद झाला, ब्लॅकआउट झाला, की कुणी तिथे लाकडाची पाचर मारतं. हा व्हॉल्व्ह म्हणजे आग लागल्यावर इंजिनरूमच्या बाहेरून टाकीचं तेल तोडायची सोय. पाचर मारली की आगीला टाकीभर तेल मोकळं. जहाजावर गेल्यावर पहिल्याच आठवड्यात अशी दोरी, तार, पाचर शोध. सापडली तर स्वतः ओढून काढू नकोस, जनरेटर बसेल, सेकंडला सांग. तू नवा आहेस म्हणून कुणी हसलं तरी सांग.

हॉट वर्कबद्दल, म्हणजे वेल्डिंग-कटिंगबद्दल, थोडक्यात: परमिट कागदासाठी नसतं. वेल्डिंग ज्या पत्र्यावर चाललंय त्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी जाऊन बघायचं. काम संपल्यावर फायर वॉच किमान अर्धा तास तिथेच. गाठीतल्या ठिणगीची गोष्ट आठव.

स्कॅव्हेंज फायर (सिलिंडरला हवा देणाऱ्या कप्प्यातली आग) आणि क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीतलं, ऑइल मिस्ट (तेलाचं धुकं), ही दोन ओरलची हुकमी. दोन्हींत एकच चूक जीव घेते: दार उघडणं. ऑइल मिस्टचा अलार्म आला की ब्रिजला कळवून वेग कमी करा, इंजिन थांबवा, क्रँककेसच्या दारांसमोरून बाजूला व्हा आणि किमान 20 मिनिटं दार उघडू नका. तापलेल्या बेअरिंगभोवती तेलाची वाफ भरलेली असते, तुम्ही बाहेरून हवा दिलीत की स्फोट. 1947 मध्ये रेना डेल पॅसिफिको या जहाजावर चाचणीदरम्यान क्रँककेसच्या स्फोटात 28 माणसं गेली. ऑइल मिस्ट डिटेक्टर सक्तीचा कधी? इंजिन 2,250 किलोवॅट आणि वर, किंवा सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) 300 मिलिमीटरपेक्षा मोठा.

सीओ टूवर, म्हणजे इंजिनरूममध्ये सोडून आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडवर, मात्र वेळ घालव, कारण तिथे पाठांतर करणारे हमखास अडकतात. जागेच्या 40 टक्के गॅस, त्यातला 85 टक्के 2 मिनिटांत, हे आकडे सगळेच सांगतात. सर्व्हेअर पुढे विचारतो, सोडायच्या आधी काय? आधी हजेरी. प्रत्येक माणूस बाहेर मोजलेला असल्याशिवाय लिव्हरला हात नाही, कारण त्या प्रमाणात हा गॅस माणसाला काही श्वासांत पाडतो. मग पंखे बंद, हवेच्या वाटांचे फ्लॅप आणि दारं बंद, क्विक क्लोजिंग ओढलेले, इमर्जन्सी फायर पंप चालू, बाहेरून पत्रे थंड करणं चालू. सोडायचा हुकूम कॅप्टनचा, चीफ इंजिनिअरशी बोलून. आणि सोडल्यावर थांबायचं. सीओ टू हवा हटवतो, लोखंड थंड करत नाही. तासाभरात कुणी उत्सुकतेनं दार उघडलं की हवा आत जाते, तापलेला पत्रा तसाच असतो, आग परत उठते. आणि तेव्हा हातात दुसरा गॅस नसतो, तो एकदाच मिळतो. म्हणून बाहेरच्या पत्र्यांचं तापमान नोंदवत राहायचं, ते उतरत उतरत स्थिर होईपर्यंत. इथेही तोच फोरमन: कसाले घाई करस.

ईईबीडी आणि एससीबीए या श्वासाच्या दोन उपकरणांत गोंधळ करू नकोस. पहिला 10 मिनिटांचा, फक्त पळून बाहेर येण्यासाठी. आग विझवायला आत जाताना दुसरा.

आता आईबद्दल. तिला सांग की जहाजावर आगीचा सराव दर महिन्याला किमान एकदा सगळ्यांकडून करून घेतात आणि फायर पंप नियमित चालवून बघतात. पण खरं तर तिला जे हवंय ते तू स्वतः करायचं आहेस: चढल्याच्या दिवशी, सामान केबिनमध्ये टाकलं की इंजिनरूमच्या तळापासून आपत्कालीन शिडीनं वर डेकपर्यंत चढून ये. पायऱ्या मोज. दुसऱ्या दिवशी मोटरमनला सोबत घे आणि डोळे मिटून, कठडा धरून तसाच चढ, कारण धुरात दिव्याचा उपयोग नसतो. वाटेतला ईईबीडी कुठल्या हाताला लागतो, वरचं झाकण कुठल्या बाजूला उघडतं, ते हातांना कळू दे. मी आजही प्रत्येक नव्या जहाजावर हे करतो, आणि घरी फोन केला की आईला पायऱ्यांचा आकडा सांगतो. तिला तेवढं पुरतं.

सामानाचं राहिलं. बॉयलर सूट कंपनी देते, पण आतले गंजीफ्रॉक आणि मोजे शंभर टक्के सुती घे, जळगावातूनच घे. नायलॉन-पॉलिस्टर तापलं की वितळून कातडीला चिकटतं.