आधी तिच्या आईजवळ बस

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "सर, पेशंट मुलगी परीक्षेच्या टेन्शननं बिथरलीय, सायकियाट्रीकडे पाठवतोय." पाठव, पण हात झटकून नको.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारी अशीच एक मुलगी आमच्याकडे दाखल होती. चार दिवस डोकेदुखी, कणकण. मग झोप उडाली, आजूबाजूची मुलं पाळत ठेवतात म्हणायला लागली. आम्ही स्पर्धा परीक्षेचा ताण धरून चाललो. एमआरआय नॉर्मल आला, मग तर खात्रीच पटली. आई रोज राउंडला एकच सांगायची, "डॉक्टर, ही सारखं काहीतरी चघळतेय हो." तिच्या हातातल्या ओल्या रुमालावर चावलेल्या ओठाचं रक्त असायचं. मी ते पाहिलं आणि औषधाचा परिणाम म्हणून सोडून दिलं. फिट आली तेव्हा कुठे पाठीतलं पाणी तपासायला गेलं. तोवर बारा दिवस गेले होते.

मेंदूच्या पेशींवर संदेश घेणारी जी प्रथिनं असतात, त्यांतल्या एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या आणि सोनोग्राफीत अंडाशयावर टेराटोमाची गाठ. या गाठीत केस, दात असतात हे आपण घोकतो. तिच्यात मेंदूच्या पेशीही असू शकतात, हे मात्र लक्षात राहत नाही. शरीर त्यांच्यावर उठतं आणि खऱ्या मेंदूलाही धरतं. अँटिबॉडीमुळे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, पण पेशी सहसा मरत नाही. म्हणून तर माणूस परत येतो.

मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दाल्माऊ यांनी हा आजार, म्हणजे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस ही मेंदूची सूज, २००७ मध्ये उलगडला. पुढे २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात गाठ ३८ टक्क्यांनाच होती, तेव्हा पोटाच्या तपासणीत गाठ दिसली नाही तरी निर्धास्त होऊ नकोस. नुसत्या रक्तावरही विसंबू नकोस. काहींच्या अँटिबॉडी पाठीतल्या पाण्यातच सापडतात. हर्पिसच्या विषाणूनंही मेंदूला सूज येते, तो विचार सुटू देऊ नकोस. संशय पक्का असेल आणि जंतुसंसर्ग नाही असं दिसलं, तर अँटिबॉडीच्या रिपोर्टसाठी स्टेरॉइड अडवून ठेवू नकोस.

आमच्या मुलीची गाठ काढली, स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या निरोगी माणसांच्या अँटिबॉडी, दिलं. आठ महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी ओपीडीत आली. ते बारा दिवस मला अजून टोचतात.

आज रात्री स्टूल ओढून तुझ्या रुग्णाच्या आईजवळ बस. झोप, बोलणं, ओठांच्या हालचाली, सगळं विचार. मग मला फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझा,
सर