पहिल्या मोठ्या कॉन्फरन्सला निघालोय आणि 'हे आपलं काम नाही' असं वाटतंय, पीएचडी सोडू का?

तुम्ही लिहिलंय तिसरं वर्ष आहे, तिकीट काढलंय, आणि बॅग भरताना वाटायला लागलं की बाकीचे सगळे हुशार, आपणच चुकून आत शिरलोय. मी नाशिकचा, द्राक्षावरच्या केवडा रोगावर पीएचडी केली आणि आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. यशस्वी माणसाचा सल्ला पाहिजे असेल तर दुसऱ्या कोणाचं उत्तर वाचा.

माझी पहिली मोठी कॉन्फरन्स दिल्लीला होती. रात्री नाशिकरोडवरून पंजाब मेल, स्लीपर, हातात माझ्या संशोधनाच्या पोस्टरची लांबलचक नळी. वर मावेना, खाली ठेवली की येणाराजाणारा लाथ मारून जायचा, शेवटी मांडीवर आडवी घेऊन बसलो आणि डोक्यात एकच चालू, की गाइडनी नाव पुढे केलं म्हणून चाललोय, तिथे कोणी एक धड प्रश्न विचारला की संपलं, त्यापेक्षा मनमाडला उतरून परत जावं.

समोर निफाडकडचे एक काका, भुसावळला लेकीकडे निघालेले. "पडद्याचा पाइप का रे?" म्हणाले. पोस्टर आहे म्हटल्यावर उघडायलाच लावलं. लोअर बर्थवर अर्धं पसरलं, त्यांनी मोबाइलचा टॉर्च मारला आणि ग्राफबिफ सोडून थेट पानाच्या फोटोवर बोट ठेवलं. "पान उलटं नाही केलं का? केवडा खालून बघायचा असतो."

बरोबर होतं हो. वरून तेलकट पिवळे डाग, पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला, हे मी शेकडो वेळा बघितलेलं, आणि पोस्टरवर फोटो टाकला वरचा, कारण तो छान आला होता! आधी लाज वाटली. मग बोलत बसलो, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की झोप कशी उडते, बोर्डो (बुरशीवरची फवारणी) कधी मारायचं, असं सगळं. मी जरा ऐटीत सांगितलं की पान किती तास ओलं राहतं त्यावर लागण ठरते, तर म्हणे "ते ठाऊक आहे आम्हाला, तास किती ते बोल." ते मला सांगता आलं, किती तापमानाला किती तास, कागद न बघता, कारण डेटा माझाच होता. वरच्या बर्थवाल्याने दोनदा लाइट बंद करा म्हटलं. मनमाड कधी गेलं कळलंच नाही.

दिल्लीत पोस्टरपाशी दोन तास उभा होतो. चार जण आले, त्यातल्या एकाने टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. उघडं पाडायला आधी कोणीतरी वाचावं लागतं.

या 'आपण चुकून आत आलोय'वर पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 सालीच पेपर लिहिलाय. डिग्र्या, नाव सगळं असलेल्या बायका, तरी त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय. म्हणजे ही भावना लायकी मोजायला कामाचीच नाही. (उलटंही धरू नका, शंका येते म्हणून आपण भारी, असंही नसतं.)

पण मला वाटतं तुम्ही दोन प्रश्नांचा काला केलाय. 'मला जमेल का' हा एक, तो रात्रीच्या गाडीत सुटत नाही. दुसरा पैशाचा, तो मात्र खरा आहे. जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप) असेल तर 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, पुढे 42 हजार, नसेल तर घरचे किंवा ट्यूशन. नंतर तासिकेवर जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य, आणि कायम जागेची वाट बघण्यात वर्षं जातात. घरात कर्ज असेल आणि या कारणाने सोडलंत तर मी तरी नावं ठेवणार नाही. माझा एक मित्र सोडून औषध कंपनीत गेला, मजेत आहे, आणि मे महिन्यात मला त्याचा हेवा वाटतो.

तर आत्ता जा. गाडीतून गाइडला 'सोडतोय' असा मेल टाकू नका. परत आलात की वहीत मांडा, किती महिने उरलेत, दर महिन्याला किती लागतात, ते कुठून येणार.

आणि पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत जातं.