किबुत्स: 'सहकारी' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इस्राएलमधल्या 'किबुत्स'ला मराठीत 'सहकारी वसाहत' म्हणावं का? आणि आता तिथे ज्याला त्याला वेगळा पगार मिळतो, मग तो किबुत्स उरला का?

'सहकारी' नको, हे माझं ठाम मत. आपल्याकडे सहकारी म्हटलं की साखर कारखाना आठवतो: ऊस ज्याच्या त्याच्या रानातला, शेअर ज्याच्या त्याच्या नावावर, बिलही ज्याचं त्याला. या रचनेच्या जवळ जातो तो मोशाव, म्हणजे इस्राएलमधल्याच शेतकरी वसाहतीचा दुसरा प्रकार. १९२१ चं नहलाल हे त्यातलं जुनं गाव. किबुत्सात मुळात कुणाचं वेगळं खातंच नव्हतं. गालील सरोवराकाठी १९१० साली देगानिया हा पहिला किबुत्स वसला, तेव्हापासून जमीन सामाईक, पंगत सामाईक. पुढे बहुतेक किबुत्सांत मुलंही रात्री आईबापांजवळ नाही, बालघरात झोपत. सुरुवातीच्या काळात कपडेसुद्धा सामाईक कोठीतून मिळायचे. 'माझा सदरा' म्हणायचीही सोय नव्हती! हिब्रूत या शब्दाचा धातू 'गोळा करणे, जमवणे' अशा अर्थाचा आहे. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'सामुदायिक वसाहत' असा खुलासा द्यावा आणि पुढे 'किबुत्स'च लिहावं.

आता पगाराचं. १९८० च्या दशकातली महागाई आणि कर्जं यांनी किबुत्सांचं कंबरडं मोडलं, तरुण मंडळी बाहेर पडू लागली. मग पगार कामाप्रमाणे झाले, घरं सदस्यांच्या नावावर होऊ लागली. २००७ साली खुद्द देगानियानं ही वाट धरली. कित्येक भोजनगृहांत आता ताट घेतलं की पैसे खात्यातून वळते होतात. कित्येक तर बंदच पडली.

हिब्रूनं नाम तेच ठेवून विशेषणं जोडली. जुन्या पद्धतीचा तो 'शितुफी' किबुत्स, म्हणजे सामाईक. बदललेला तो 'मितहदेश', म्हणजे नवा होत जाणारा. आज बहुसंख्य किबुत्स दुसऱ्या प्रकारचे आहेत. मात्र 'अरवुत हदादित', म्हणजे एकमेकांची हमी, तिथेही सुटलेली नाही: म्हातारपणी, आजारपणात किंवा कमाई तोकडी पडली तर सदस्याला समूहानं सांभाळायचं असतं. ही हमी आहे तोवर किबुत्स म्हणणं रास्तच. नुसतं 'खासगीकरण' म्हटलं, तर कुणा बाहेरच्यानं गाव विकत घेतल्यासारखं वाटतं; मी 'नवा किबुत्स' असं लिहीन.

उच्चाराचं म्हणाल, तर शेवटचा 'त्स' म्हणजे आपल्या 'चोर'मधला च. मराठी माणसाला तो शिकावा लागत नाही.