टॅग काप, मग बोलू

प्रिय मावशी,

मी एकवीस वर्षांची, नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कपडे म्हणजे माझा जीव की प्राण. माझं स्टाइलचं पेज आहे, साडेचार हजार फॉलोअर्स आहेत. जाहिराती बघून सगळ्या मुली सारख्याच दिसायला लागल्यात. तेच ढगळ शर्ट, त्याच कार्गो पँट. मला वीट आलाय. माझ्यावर जाहिरातींचा परिणाम होत नाही, मी घालते ते माझं असतं, आणि पेजवर मी हेच सांगते की स्वतःसारख्या दिसा. (दिवाळीपासून चौदा ड्रेस पेजवर टाकले. टॅग आत खोचून घालते, फोटो झाले की परत पाठवते. मानेवर ओरखडा उठतो, तो एडिट करावा लागतो, एवढंच. एक हिरवा कुर्ता मुदत हुकल्यामुळे राहिलाय.) पण गेल्या आठवड्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या अंगावरचा एकही कपडा तुझा वाटत नाही." मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीये. शिवाय एक कंपनी म्हणते, फुकट कपडे देतो, पेजवर टाक. घेतले तर माझं वेगळेपण विकल्यासारखं होईल का? आणि मैत्रिणीला काय उत्तर देऊ?

– एक वाचक, नाशिक

अगं मुली,

मैत्रिणीला उत्तर देऊ नकोस, फोन कर. ती खरं बोलली. सगळ्यांसमोर बोलली हे तिचं चुकलं, पण ते तिचं ती बघेल. तुला वाईट वाटलं हे मला कळतंय, तरी त्यावर फुंकर घालत बसायला माझ्याकडे आज जागा नाही, कारण तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तू कंसात टाकली आहेस आणि मला तिच्याबद्दल बोलायचंय.

तो ओरखडा.

पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा जाहिराती, वेगळेपण, फॉलोअर्स सगळं मागे पडलं आणि तुझी मान डोळ्यांपुढे राहिली. पुठ्ठ्याचा कडक टॅग, त्याची ती प्लास्टिकची दोरी, ती कापायची नाही म्हणून गळ्यातून आत पाठीकडे सोडलेली. मान वळवलीस की टोचत असणार. खाली वाकायची चोरी. फोटो काढेपर्यंत तू त्यात चहासुद्धा घेत नसशील, सांडला तर? घाम येऊ नये म्हणून पंखा लावत असशील, आणि काढताना गळ्याला लिपस्टिक लागू नये म्हणून ओठ आत मिटून घेत असशील. मग घडी, पिशवी, पार्सल. पाऊण तासाचा संसार.

आणि त्या पाऊण तासात कपड्याने तुझ्या अंगावर एकच खूण ठेवली, तीसुद्धा तू पुसून टाकलीस.

हे वाचून मला राग आला, तो आधी सांगून टाकते. परत आलेला कपडा पुन्हा तपासायचा, इस्त्री करायची, नव्याने बांधायचा, हे सगळं कुणीतरी करतं. ऑनलाइन बाजारात छोटे विक्रेते असतात, त्यांच्यावर परतीचा भुर्दंड अनेकदा स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येते. भाड्याने आणलेल्या शालूचं निदान भाडं तरी देतात. मापात बसला नाही म्हणून परत करणं वेगळं. परतच करायचा म्हणून मागवणं ही लबाडी आहे, आणि ती तुला माहीत आहे, नाहीतर ती कंसात गेली नसती.

पण राग एका बाजूला. तुझं नुकसान मोठं आहे, आणि ते तुला दिसत नाहीये.

तू म्हणतेस, जाहिरातींचा माझ्यावर परिणाम होत नाही. असं म्हणणारी तू पहिली नाहीस. अमेरिकेत लकी स्ट्राइक सिगारेटचं पाकीट पूर्वी हिरवं होतं. कंपनीच्या लक्षात आलं की बायका ते जवळ बाळगत नाहीत, कारण तो हिरवा त्यांच्या कपड्यांशी जुळत नाही. पाकिटाचा रंग बदला म्हटलं, तर कंपनीचा अध्यक्ष तयार होईना, त्या रंगाच्या जाहिरातीवर त्याने अमाप पैसा ओतला होता. तेव्हा एडवर्ड बर्नेज नावाच्या त्यांच्या सल्लागाराने उलटा विचार केला: पाकीट बदलायचं नसेल, तर कपडे बदलू. १९३४ साली त्याने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात एक हिरवा नृत्यसमारंभ घडवून आणला. हिरवे गाऊन, सगळं धर्मादाय कामासाठी. एका रेशीम कारखानदाराला हाताशी धरलं, फॅशनच्या संपादकांना जेवण दिलं, हिरव्या रंगाच्या गुणांवर विद्वानांची भाषणं ठेवली. यामागे सिगारेटची कंपनी आहे, हे समारंभ भरवणाऱ्या बाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. त्या वर्षी दुकानात जाऊन हिरवा गाऊन उचलणारी प्रत्येक बाई मनात म्हणत असणार, मला आवडला म्हणून घेतला. आणि तिला तो आवडलाच होता! तिची आवड खोटी नव्हती. फक्त ती कुठून आली, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

तुलाही नाही. मलाही नाही. या महिन्यात तुला एखादा रंग एकदम जवळचा का वाटायला लागला, हे शोधत बसलीस तर वेड लागेल. म्हणून निवडताना मी किती वेगळी, याचा हिशोबच सोडून दे. तिथे कुणीच वेगळं नसतं.

आणि नक्कल केली म्हणून तुझ्या वर्गातल्या मुलींना नावं ठेवू नकोस. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी बायकांची फॅशन कोण ठरवत होतं, माहीत आहे? एक पुरुष. बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि रंगमंचावर ते जसं लुगडं नेसत, जसा गजरा माळत, तसं नेसायला आणि माळायला पुण्या-मुंबईच्या घराघरांतल्या बायका शिकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मालही खपायचा. आजच्या इन्फ्लुएन्सर मंडळींना तोंडात बोट घालायला लावील अशी ती लोकप्रियता. पण नाटक बघून घरी आलेली बाई तसा गजरा माळायची तो स्वतःच्या केसांत, स्वतःच्या परसातल्या फुलांचा, आणि त्याच लुगड्यात ती स्वयंपाक करायची, पोर कडेवर घ्यायची, हळदीकुंकवाला जायची. महिन्याभरात ते नेसणं तिचं झालेलं असायचं. नकलेने सुरुवात झाली तरी बिघडत नाही गं. तुझं बिघडतंय ते त्यापुढे. तुझ्याकडे पुढचा महिनाच येत नाही.

आता माझी एक गोष्ट ऐक. १९८२ साली मी तुझ्या वयाची होते. वडिलांचा पॉपलिनचा एक निळा शर्ट होता, दहा वर्षं वापरलेला. त्या काळी कॉलर घड्यावर विरली की शर्ट टाकत नसत. शिंप्याकडे न्यायचा, तो कॉलर उसवून उलटी करून परत बसवायचा. विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. वडिलांनी तसं करून घेतलं आणि झालं असं की उन्हात वाळून वाळून शर्ट फिकट आभाळी झाला होता, पण कॉलरच्या खालच्या बाजूने दहा वर्षांत ऊनच पाहिलं नव्हतं. ती होती तशीच, गडद निळी. दोन रंगांचा तो शर्ट वडिलांना ऑफिसात घालायला बरा वाटेना. मी घेतला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि लांब स्कर्टवर घालून कॉलेजला गेले.

पहिल्या दिवशी एकीने विचारलं, "वडिलांचा का?" माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवशी घरी येऊन मी तो शर्ट खुंटीला टांगला आणि ठरवलं, पुन्हा नाही. पण धुण्याच्या दिवशी दुसरं काही वाळलं नव्हतं, म्हणून पुन्हा घातला. मग तिसऱ्यांदा. एक बटण गेलं, ते मी दुसऱ्या शर्टाचं काढून लावलं, थोडं मोठं होतं, काजातून ओढून घ्यावं लागायचं. कोपराशी फाटला तेव्हा आईने आतून ठिगळ लावलं. दिवाळीच्या सुमाराला वर्गातल्या दोघींनी मला विचारलं, गडद कॉलरचा शर्ट कुठल्या दुकानात मिळतो? एकीने खरोखर भावाच्या शर्टाची कॉलर उसवून घेतली. मी काही वेगळं दिसायला गेले नव्हते. माझ्याकडे तो शर्ट होता आणि मी तो घालत राहिले, सात वर्षं. त्या शर्टातला माझा एकही फोटो नाही.

तुझ्या मैत्रिणीला जे दिसलं, ते हे. तिने तुला शाळेपासून पाहिलंय. कोणत्या फ्रॉकचा खिसा तू फाडलास, कोणत्या स्वेटरच्या बाहीला नाक पुसलंस, हे तिच्या लक्षात असणार. हल्ली तुझ्या अंगावरच्या कपड्याला मागचा दिवसच नसतो, त्यामुळे तिला तू ओळखू येत नाहीस. ती टोमणा मारत नव्हती. तिला तुझी आठवण येत होती. म्हणून म्हटलं, फोन कर.

कंपनीचं थोडक्यात सांगते. घेऊ नकोस. घेतलेच, तर फुकट मिळालेत असं पोस्टवर ठळक लिहावं लागेल. फुकटच्या वस्तूबद्दल लिहिलं तरी ती जाहिरात धरायची, हे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ सालीच सांगून ठेवलंय. पण नियमासाठी नको म्हणत नाहीये मी. न्यूयॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम २०१६ साली गेले. त्यांनी आयुष्यभर सायकलवरून फिरून रस्त्यावरच्या माणसांच्या कपड्यांचे फोटो काढले. १९७८ साली त्यांनी एका बाईचा फोटो घेतला तो तिच्या कोटाचा खांदा फार सुंदर बेतलाय म्हणून. ती हॉलिवूडची गाजलेली नटी ग्रेटा गार्बो आहे, हे त्यांना फोटो काढताना ठाऊकच नव्हतं! हा माणूस श्रीमंतांच्या मेजवान्यांना फोटो काढायला जायचा आणि तिथे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, डोळा मोकळा राहावा म्हणून. स्वतः घालायचा तो पॅरिसच्या सफाई कामगारांचा निळा डगला. पावसाळी पोंचो फाटला की त्याला चिकटपट्टी लावून तोच वापरायचा. कपड्यांवर त्याच्याइतकं प्रेम केलेलं माणूस मला तरी माहीत नाही. तूही कपड्यांवर प्रेम करतेस, हे तुझ्या पत्रात दिसतं. मग कोटाचा खांदा बघायला शीक, कंपनी कुठे पळून जात नाही.

आणि आता तुला करायचंय ते. मुदत हुकलेला हिरवा कुर्ता कपाटातून काढ. तुझ्याकडे चौदांतला हा एकच कपडा आहे, आणि तो तू चुकून ठेवलास. आधी टॅग काप. आज, हे वाचून झाल्यावर, जेवायच्या आधी. मग कुर्ता उलटा कर आणि शिवणी बघ. परत पाठवायच्या कपड्याची आतली बाजू तू कधी पाहिली नसशील. बगलेखाली टिपेच्या पलीकडे किती कापड सोडलंय? त्या जादा कापडाला आपले शिंपी माया म्हणतात. अंग भरलं, दंड घट्ट व्हायला लागला, की शिवण उसवून तेवढी माया सोडायची आणि नवी टीप मारायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. तयार कपड्यात ती बेताचीच असते, तरी बघ. बाही लांब वाटली तर दुमडून हाताने टाके घाल. वाकडे आले तरी चालतील.

मग तो घाल. कॉलेजला, भाजीला, बसमधून, पावसात. त्यात पाणीपुरी खा. पेजवर टाकू नकोस, निदान होळीपर्यंत तरी नाही. नवा कपडा मागवू नकोस तोवर. पहिल्या आठवड्यात तुला फार चुकल्यासारखं होईल, रोज तोच काय म्हणून कुणी विचारेलही. विचारू दे. धुण्यात रंग थोडा जाईल, मानेपाशी आधी.

आणि मैत्रिणीला भेटायला जाशील तेव्हाही तोच घालून जा. मला उत्तर लगेच नको. त्याचं पहिलं बटण तुटेल ना, तेव्हा लिही. कसलं लावलंस, तेही कळव.

तुझी,
मावशी