पाचव्या महिन्यात नाईट इन्चार्ज केलंय, नर्सिंग सोडू का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. जॉईन होऊन 5 महिने झालेत, सिनिअर रजेवर गेल्या आणि मेडिकल वॉर्डची नाईट तुझ्यावर टाकली, हाताखाली दोघी त्या तुझ्याहून नव्या, आणि सकाळी घरी आलं तरी झोप नाही, कुणाचं काही राहिलं का हेच डोक्यात. वर विचारतेस, माझ्यातच काही कमी आहे का, दुसरा कोर्स करू का.

कोर्सचं आत्ता नको. नाईट करून आल्या आल्या घेतलेला निर्णय झोपेचा असतो, करिअरचा नसतो.

आणि कमी तुझ्यात नाहीये गं. नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या तयारीच्या 5 पायऱ्या मांडल्या, त्यातली तिसरी, म्हणजे आपलं आपण प्लॅनिंग जमायला लागतं ती, एकाच तऱ्हेच्या कामात 2-3 वर्षं काढल्यावर येते. एका पेशंटचं नीट करणं वेगळं आणि अख्ख्या वॉर्डात आधी कुणाकडे धावायचं हे ठरवणं वेगळं, ते मार्कांवर येत नाही, बघून बघूनच येतं.

माझंच सांगते. नवीन असताना इन्सुलिनची युनिटच्या खुणांची सिरिंज संपली म्हणून साधी, मिलीच्या खुणांची घेतली, द्यायचे होते 10 युनिट आणि मी भरलं 1 मिली. मिलीला 100 युनिट असलेल्या वायलमधलं 1 मिली म्हणजे 100 युनिट, द्यायचं होतं 0.1 मिली! शेजारच्या सिस्टर सहज म्हणाल्या, "एवढं कुणाला गं?" म्हणून पेशंट वाचला. तुझ्या नाईटला हे विचारणारं कुणी नाही, खरी भीती तिथे आहे.

म्हणून मेट्रनकडे जाऊन "मला जमत नाही" एवढंच बोलू नकोस, त्यावर "सगळ्या अशाच शिकतात" हे उत्तर तयार असतं. नेमकं सांग: ऑक्सिजनची गरज वाढत चाललेला पेशंट मी एकटीने कधी सांभाळला नाही, रक्त चढवताना रिॲक्शन कधी पाहिली नाही, रात्री 2 वाजता फोन केला तर कोण येणार त्यांचं नाव द्या. इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम दुसऱ्या सिस्टरने स्वतः हिशोब करून तपासल्याशिवाय देणार नाही हेही सांग. आधी तोंडी, मग लेखी, कॉपी स्वतःकडे. आणि हे ड्युटी लागायच्या आधी, कारण हँडओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून चार्ज घेतल्यावर पेशंट तुझे, मधूनच निघून जाता येत नाही.

डॉक्टरांना फोन करताना "सॉरी सर"ने सुरुवात नको. कोण बोलतेय, आत्ता काय झालंय, पेशंट कशासाठी ॲडमिट आहे, मला काय वाटतंय, तुम्ही काय करायला हवं, याच क्रमाने बोल. श्वास मात्र पूर्ण 1 मिनिट मोजलेले असू देत, बऱ्याचदा पेशंट बिघडायला लागला की आधी तेच बदलतात आणि चार्टवर सगळ्यांचे न मोजताच 20 लिहिलेले असतात.

महिनाभरात काहीच हललं नाही तर हॉस्पिटल बदल, नर्सिंग नको. पुढच्या इंटरव्ह्यूत पगाराआधी विचार, ओरिएंटेशन किती आठवडे, शिकवायला सोबत कोण, नाईटला सिनिअर कोण असतं.

लेखी अर्ज लिहिलास की आधी मला पाठव, त्यात माफी मागितलेली वाक्यं असतील ती मी काढून देते.