चर्चच्या गायकवृंदातील मानधन : सराव धरावा की नाही?

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायकवृंदातील बहुतेक सदस्य विनामोबदला गातात. सोप्रानो व आल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज) आणि टेनर व बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) या चारही स्वरांना आधार मिळावा म्हणून प्रत्येकी एक प्रशिक्षित गायक मात्र मानधनावर घेतलेला आहे. हे मानधन रविवारच्या उपासनेपुरतेच आहे. आता सरावाचाही मोबदला मिळावा, असे ते म्हणतात. समितीतील काहींना मात्र देवाची स्तुती पैसे घेऊन करणेच पटत नाही. यात न्याय्य काय?
— चर्च समितीचा एक सदस्य

उत्तर : गायकांची मागणी रास्त आहे आणि आपण ती मान्य करावी. उपासना तासाभराची, तिच्याआधी आवाज लावण्यासाठी व गीते एकदा म्हणून पाहण्यासाठी एक तास आणि आठवड्यात दोन तासांचा सराव असे धरले, तर एका रविवारसाठी चार तास लागतात, आणि आपण त्यांपैकी एकाचाच मोबदला देत आहात. घरी नवी स्वरलिपी बसवण्यात जाणारा वेळ मी यात धरलेला नाही. शिवाय रविवारी, नाताळला आणि ईस्टरला हा गायक दुसरीकडचे काम घेऊ शकत नाही.

स्तुतीला मोल लावू नये, हा आक्षेप श्रद्धेतून आलेला आहे, म्हणून त्याला शास्त्रातूनच उत्तर द्यायला हवे. बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा नेमून दिलेल्या वंशातील लोकांना, त्यांच्या उपजीविकेचे वाटे मिळाले नाहीत, तेव्हा सेवा करणारे लेवी आणि गायक आपापल्या शेतांकडे निघून गेले. आणि यहूदाचा प्रांताधिकारी असलेल्या नहेम्याने जाब विचारला तो गायकांना नव्हे, तर अधिकाऱ्यांना. जर्मनीतील लाइपझिग शहराच्या चर्चसंगीताची जबाबदारी सांभाळणाऱ्या बाख या संगीतकारानेही 1730 मध्ये नगर परिषदेला लिहिलेल्या निवेदनात, फुकट काम कोण करील, असा प्रश्न केला होता. पाळकांनी वेतन घेतल्याने त्यांचे प्रवचन अशुद्ध होते, असे आपली समितीही मानत नसेल.

सरावाचा दर उपासनेच्या दरापेक्षा काहीसा कमी ठेवला तरी चालेल, पण तो शून्य नसावा. चारही स्वरांना एकच दर द्यावा. टेनर मिळणे कठीण म्हणून त्याला गुपचूप अधिक देण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती कळल्यावर उरलेल्या तिघांचा विश्वास जातो. विवाह आणि अंत्यविधी यांचे मानधन वेगळे असावे, ऐनवेळी कार्यक्रम रद्द झाल्यास काय द्यायचे तेही लेखी ठरवावे.

निधी अपुरा असेल तर दर न कापता कामाचे तास कमी करावेत, किंवा प्रशिक्षित गायकांना फक्त सणांच्या काळात बोलवावे. विनामोबदला गाणाऱ्यांना हे सारे उघडपणे सांगावे आणि त्यांच्या प्रवासाचा व स्वरलिपीच्या प्रतींचा खर्च चर्चने उचलावा. आज तो बहुतेकदा त्यांच्याच खिशातून जातो आणि अंदाजपत्रकात कुठेही दिसत नाही.