हिवाळी चढाई : अंगावर किती थर असावेत?

प्रश्न : हिवाळी चढाईच्या वेळी मी सुती बनियन, त्यावर जाड स्वेटर आणि वरून जलरोधक जाकीट घालतो. कड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत घामाने निथळतो आणि नंतर जोडीदाराला बिले देत, म्हणजे तो चढत असताना त्याचा सुरक्षा-दोर सांभाळत, उभा राहिलो की हुडहुडी भरते. आणखी एक थर वाढवावा का?

उत्तर : थर वाढवण्याआधी सुती बनियन बाद करावे. तुम्हाला हुडहुडी भरते ती कपडे कमी पडल्यामुळे नव्हे, तर अंगालगतचा कपडा ओला राहिल्यामुळे. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि घाम शोषून बसलेले सूत थंडीत लवकर वाळत नाही. त्याऐवजी पातळ पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा कपडा घ्यावा. पॉलिएस्टर लवकर वाळते. लोकरीला वेळ लागतो, पण ती दमट असतानाही बरीच ऊब देते.

स्वेटरऐवजी दोन पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे कपडे) असल्यास त्यांतील एक वाटेतच काढता येतो. निघताना थोडी थंडी वाजत असेल, तर कपडे योग्य आहेत असे समजावे, कारण दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत अंग तापतेच. जलरोधक जाकीट ओला बर्फ पडत असताना किंवा वरून पाणी ठिबकत असताना हवेच. कोरड्या थंडीत मात्र घाम सहज बाहेर सोडणारे, वारा अडवणारे पातळ जाकीट मला अधिक सोयीचे वाटते. वाऱ्याला मात्र कमी लेखू नये : उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांइतकी थंडी जाणवते.

तुमच्या यादीत नसलेली खरी गरजेची वस्तू म्हणजे बिलेसाठीचे जाड, भरलेले जाकीट. ते हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) न काढता सगळ्या कपड्यांवरून चढवता येईल इतके ढगळ असावे, त्याची टोपी हेल्मेटवरून यावी आणि चेन खालूनही उघडावी, म्हणजे बिलेचे उपकरण झाकले जात नाही. पिसांचे जाकीट वजनाला हलके असते, पण भिजले की त्याचा फुगीरपणा आणि ऊब दोन्ही जातात. म्हणून दमट हवेत कृत्रिम भरणाचे घ्यावे. मी एकदा असे जाकीट सॅकच्या तळाशी ठेवले होते. ते काढण्यासाठी सामान उपसेपर्यंत माझी बोटे इतकी बधिर झाली, की चेन लावण्यासाठी जोडीदाराची मदत घ्यावी लागली. जाकीट ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब धरून ठेवते, त्यामुळे थांबताक्षणी, अंग गरम असतानाच ते घालावे.

हातमोज्यांनाही हाच नियम लागू होतो : चालताना पातळ, चढताना पकड देणारे आणि बिलेसाठी जाड, असे निदान तीन जोड न्यावेत व ओलसर झालेला जोड सॅकमध्ये न टाकता जाकिटाच्या आत, छातीशी ठेवावा.